पाच स्टॅटिक आयपी घेतले, चालतोय एकच: नवख्यांनी कुठून शोधायला सुरुवात करायची

ऑफिसला बिझनेस ब्रॉडबँड घेतलं, सोबत पाच स्टॅटिक आयपी (कायमचे, न बदलणारे इंटरनेट पत्ते) घेतले, वर्षाचे पैसे आगाऊ भरले, आणि आता राउटरमध्ये पहिला आयपी टाकला तर नेट झक्कास चालतंय पण बाकीचे चार जिवंत आहेत का मेलेत तेच कळत नाही. अशी अवस्था असेल तर हे तुमच्यासाठी. मी कोल्हापूर भागात छोट्या ऑफिसांची आणि कारखान्यांची नेटवर्कं लावतो आणि या एका प्रकारात मी जितका वेळ घालवलाय तितका क्वचितच कशात घालवला असेल. ज्याला राउटरचं लॉगिन पेज उघडता येतं पण नॅट (बाहेरचे पत्ते आणि आतली यंत्रं यांच्यात राउटर करतो ती अदलाबदल) म्हटलं की जरा चाचपडायला होतं अशा माणसासाठी लिहितोय, बाकी जाणकारांनी खुशाल पुढं जावं.

आधी एक काम करा. राउटरच्या कॉन्फिगचा बॅकअप घ्या, बॅकअपचं बटण सापडत नसेल तर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. त्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावायचा नाही. "एवढं एकच बदलून बघतो" म्हणत म्हणत दहा गोष्टी बदलल्या जातात आणि मग चालू असलेलं नेटही बंद पडतं, मालक मागं येऊन उभे राहतात, आणि तिथून पुढं डोकं चालत नाही.

कागद काढा, म्हणजे तो पहिला ईमेल

कनेक्शन चालू झालं तेव्हा कंपनीनं एक ईमेल पाठवलेला असतो, त्यात सगळे आकडे असतात. तो शोधा. "आयपी मला पाठ आहेत" हे चालणार नाही, मी पाठ असलेल्या आयपीवर दोन तास घालवलेत, शेवटचा आकडा १२ च्या जागी २१ होता.

उदाहरण म्हणून आपण २०३.०.११३.८ पासूनचा ब्लॉक, म्हणजे सलग पत्त्यांचा गट, घेऊ, हे पत्ते फक्त उदाहरणापुरते राखून ठेवलेले आहेत त्यामुळे कुणाच्या खऱ्या ऑफिसचे नाहीत. ईमेलमध्ये पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून २९ लिहिलेलं असेल तर तो आठ पत्त्यांचा ब्लॉक, सबनेट मास्क (कुठले पत्ते आपल्याच वायरवरचे ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.२४८. आठातला पहिला, म्हणजे ८ (यापुढं पत्त्याचा शेवटचा आकडाच लिहितोय), हे नेटवर्कचं नाव झालं, तो कुणाला देता येत नाही. शेवटचा १५ हा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा, तोही गेला. कंपनीचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, बहुतेक ९ असतो. उरले १० ते १४, हे तुमचे पाच. तिरकी रेघ ३० असेल तर चारच पत्ते आणि तुमच्या हातात एक, २८ असेल तर सोळा पत्ते आणि गेटवे वगळून तेरा. "आठचे पैसे घेतले आणि पाचच दिले" असं भांडण मी एका ऑफिसात स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्यात कंपनीची चूक नव्हती. आयपी इतके मोजून मापून का देतात तर शिल्लकच नाहीत, जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे ब्लॉक २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच एप्रिलमध्ये तळाला लागला.

मास्क नीट बघून टाका. सवयीनं २५५.२५५.२५५.० टाकणारे खूप आहेत, आणि त्याची गंमत अशी की तरीही नेट चालतं! सगळ्या साइट उघडतात, व्हॉट्सॲप चालतं, आणि महिन्याभरानं कुणीतरी सांगतं की सीएच्या ऑफिसचा सर्व्हर तेवढा उघडत नाही. कारण त्या सीएनंही त्याच कंपनीचं कनेक्शन घेतलेलं असतं, त्याचा आयपी समजा २०३.०.११३.७०, आणि तुमच्या राउटरला वाटतं की हा तर माझ्याच वायरवरचा शेजारी आहे, मग तो गेटवेकडे न पाठवता वायरवरच शोधत बसतो. "सगळं चालतं, फक्त अमुक एकच चालत नाही" असं ऐकलं आणि त्या अमुकचे पहिले तीन आकडे तुमच्यासारखेच असले की थेट मास्क बघायचा.

ब्लॉक तुमच्यापर्यंत येतो कसा, सगळी मेख इथं आहे

हा भाग जरा सावकाश वाचा, पुढचं निम्मं काम याच्यावर आहे.

कंपनी जास्तीचे आयपी दोन पद्धतीनं देते. पहिल्या पद्धतीत गेटवे तुमच्याच ब्लॉकमध्ये असतो, वर आपण घेतला तसा, ९ कंपनीचा आणि १० ते १४ तुमचे, सगळे एकाच वायरवर. दुसऱ्या पद्धतीत तुमच्या राउटरला आधी एक वेगळाच पत्ता मिळतो, युजरनेम-पासवर्ड टाकून पीपीपीओईनं किंवा तिरकी रेघ ३० वाला, आणि पाच आयपींचा ब्लॉक कंपनी त्या वेगळ्या पत्त्याच्या मागं पाठवून देते, म्हणजे राउट करते.

वाड्याचं उदाहरण देतो. पहिल्या पद्धतीत पोस्टमन वाड्याच्या दारात उभा राहून हाक मारतो, "११ नंबर कोण आहे?" आतून कुणी "मी!" म्हटलं तरच पत्र देतो, नाहीतर फेकून देतो. दुसऱ्या पद्धतीत पोस्टमन हाकबिक काही मारत नाही, १० ते १४ ची सगळी पत्रं वाड्याच्या मालकाच्या हातात देतो आणि निघून जातो, पुढचं वाटप मालकाचं.

ती हाक म्हणजे एआरपी. पहिल्या पद्धतीत तुमच्या राउटरनं पाचही पत्त्यांसाठी "मी" म्हणायला पाहिजे. तुम्ही वॅनच्या (वॅन म्हणजे राउटरची इंटरनेटकडची बाजू, लॅन म्हणजे ऑफिसकडची) पानावर १० टाकलाय म्हणून तो फक्त १० ला ओ देतो. ११ साठी नुसता पोर्ट फॉरवर्डचा (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राला द्यायचा) नियम लिहिला तरी बऱ्याच राउटरवर तो ११ च्या हाकेला गप्पच बसतो, कारण हा पत्ता आपला आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मायक्रोटिकमध्ये त्यासाठी वॅन इंटरफेसवर ते जास्तीचे पत्ते ॲड करावे लागतात, पीएफसेन्समध्ये व्हर्च्युअल आयपी म्हणून आयपी एलियास करावे लागतात, दुसऱ्या कुठल्या राउटरवर त्याला सेकंडरी आयपी म्हणतील. स्वस्तातल्या घरगुती राउटरवर हा रकानाच नसतो, वॅनला एकच पत्ता घेतो आणि विषय संपला, तिथं कितीही डोकं फोडलंत तरी पाच आयपी चालणार नाहीत, राउटर बदला.

तुमची पद्धत कुठली ते ईमेलवरून कळतं. गेटवे ब्लॉकच्या आतला असेल तर पहिली. "वॅन आयपी" आणि "लॅन आयपी पूल" असे दोन वेगळे तक्ते दिले असतील तर दुसरी. लीज लाइनच्या ईमेलमध्ये हा दोन तक्त्यांचा प्रकार हमखास असतो आणि नवीन माणूस नेमका लॅन पूलमधला पत्ता उचलून वॅनच्या रकान्यात टाकतो, काहीच चालत नाही, आणि मग लाइन खराब आहे म्हणून तक्रार नोंदवतो. वॅनमध्ये वॅनवालाच टाकायचा हो. पूल मागच्या बाजूला वापरायचा, एकतर थेट सर्व्हरला तो पत्ता देऊन किंवा नॅट करून.

ईमेल सापडतच नसेल तर बाहेरून ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते ओळीनं दाखवणारी कमांड) मारून बघा. राउट केलेला ब्लॉक असेल आणि तुम्ही राउटरमध्ये अजून तो कुठंच लिहिला नसेल तर एक मजेशीर चित्र दिसतं, शेवटी दोनच पत्ते आलटून पालटून येत राहतात, कंपनीचा, तुमचा, कंपनीचा, तुमचा, असं तीस ओळी. कंपनी म्हणते घे हा तुझा, तुमचा राउटर म्हणतो मला काय माहीत, डिफॉल्ट राउटनं परत कंपनीकडे. पिंग मारलं तर "टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट" येतं. हे दिसलं तर खरं म्हणजे आनंद माना, कंपनीनं तिचं काम केलंय, पॅकेट तुमच्या दारापर्यंत येतंय, आता फक्त तुमच्या राउटरला सांगायचं राहिलंय. जे पत्ते वापरात नाहीत त्यांच्यासाठी ब्लॅकहोल राउट (आलेलं तिथंच फेकून द्यायचा नियम) टाका म्हणजे ही टोलवाटोलवी थांबेल.

मधला डबा

फायबर येऊन ज्या डब्यात घुसतो तो ओएनटी, तो राउटर मोडमध्ये आहे का ब्रिज मोडमध्ये (स्वतः नॅट न करता सगळं सरळ पुढं सोडतो तो) ते बघा. सोपी खूण सांगतो, तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी काय दिसतो? तिथं १९२.१६८ नं किंवा १० नं सुरू होणारा पत्ता असेल तर बहुतेक वेळा पुढच्या डब्यातच एक नॅट बसलेलं असतं आणि तुमचे पब्लिक पत्ते तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाहीत. १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान काही दिसलं तर कंपनीनं तुम्हाला शेअर्ड पत्ता दिलाय, म्हणजे स्टॅटिक आयपी बिलावर आलाय पण लाइनीवर आलेला नाही. (पीपीपीओईवर ब्लॉक राउट करताना मधला पत्ता मुद्दाम खासगी ठेवणाऱ्या कंपन्याही असतात, त्यामुळे त्या पद्धतीत एवढ्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, विचारून घ्या.) पहिल्या पद्धतीत मात्र ब्रिज मोड पाहिजेच, आणि तो करून द्यायला कस्टमर केअरला सांगावं लागतं, बऱ्याच ओएनटीचा ॲडमिन पासवर्ड आपल्याला देत नाहीत.

लॅपटॉपची परीक्षा, दहा मिनिटांची

पहिल्या पद्धतीवाल्यांसाठी याच्याइतकी गुणी चाचणी नाही. ऑफिस सुटल्यावर करा. राउटरची वॅन केबल काढा, लॅपटॉपला लावा, वायफाय बंद करा, लॅपटॉपमध्ये हातानं आयपी ११ टाका, मास्क २५५.२५५.२५५.२४८, गेटवे ९, डीएनएस ८.८.८.८. विंडोज फायरवॉल चालूच ठेवा, कारण त्या घडीला तुमचा लॅपटॉप उघड्यावर आहे. आता ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" विचारणारी कुठलीही साइट उघडा. ११ दिसला? ११ ठणठणीत आहे. मग १२, १३, १४, आणि १० सुद्धा. प्रत्येकाला दोन मिनिटं.

पाचही चालले तर भांडण तुमचं आणि तुमच्या राउटरचं, कंपनीला फोन करू नका. त्यातला एखादाच चालला नाही तर तो आकडा लिहून ठेवा. एकही चालला नाही, अगदी १० सुद्धा, तर कंपनीनं तुमच्या राउटरचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळख नंबर) बांधून ठेवलेला असण्याची शक्यता धरा, आपल्याकडे हे सर्रास चालतं, अशा वेळी लॅपटॉपला ते ओळखतच नाहीत.

राउटर बदलल्यावर फक्त जास्तीचे आयपी बंद पडले तर

ही माझी स्वतःची फजिती. मे महिना, वळवाचा पाऊस, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात वीज पडून राउटर गेला. मी सकाळी अकराच्या सुमारास नवीन राउटर बसवला, जुन्या कॉन्फिगप्रमाणे एक एक ओळ भरली. नेट चालू. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर ११ वर, बंद. टॅलीचा सर्व्हर १२ वर, बंद. नियम तपासले, बरोबर. परत लिहिले, बंद. फर्मवेअर अपडेट केलं, फॅक्टरी रीसेट करून पहिल्यापासून सगळं भरलं, जेवलोही नाही. तीनच्या पुढं कधीतरी काहीही न करता दोन्ही आपोआप चालू झालं. मालकांनी चहा मागवला, "शेवटी जमवलंतच की" म्हणाले, आणि मी काही बोललो नाही.

झालं काय होतं ते मला नंतर समजलं. कंपनीच्या बाजूच्या राउटरनं आधी कधीतरी हाक मारून "११ म्हणजे अमुक मॅक पत्ता" असं वहीत लिहून ठेवलेलं असतं, त्या वहीला एआरपी टेबल म्हणतात. मी राउटर बदलला, मॅक बदलला, पण वहीत जुनाच. मग १० लगेच कसा चालला? कारण नवा राउटर चालू होताना स्वतःच्या मुख्य पत्त्याची दवंडी पिटतो, आणि त्या पत्त्यावरून सारखी ये-जाही चालू असते, त्यामुळे ती नोंद लगेच सुधारते. ११ आणि १२ नी स्वतःहून बाहेर काहीच पाठवलं नव्हतं, ते फक्त कुणी येण्याची वाट बघत बसलेले. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद मुळात ४ तास टिकते, ज्युनिपरवर २० मिनिटं. अकरा ते तीन मोजा म्हणजे माझं कर्तृत्व लक्षात येईल.

आता मी काय करतो ते सांगतो. वॅनचा मुख्य पत्ता तात्पुरता ११ करतो, गेटवे ९ ला पिंग मारतो, मग १२ करतो, पिंग, असं १४ पर्यंत, आणि शेवटी परत १०. प्रत्येक वेळी दवंडी पिटली जाते आणि कंपनीच्या वहीतली नोंद बदलते. लिनक्सवर चालणारा राउटर असेल तर आर्पिंग नावाची कमांड हेच काम न हलता करते. तरी नाही झालं तर कंपनीला फोन करून "माझ्या ब्लॉकचा एआरपी क्लिअर करा" एवढं वाक्य म्हणा. त्यापेक्षा सोपा उपाय, जुन्या राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता नव्या राउटरच्या वॅनला क्लोन करून टाका, जुना जळला असला तरी स्टिकर शाबूत असतो. मॅक बांधलेल्या कंपनीच्या बाबतीतही हाच उपाय लागू पडतो.

नॅट: आत यायचं एका दारानं, बाहेर जायचं दुसऱ्याच

आता समजा पत्ते पोचतायत. आतल्या यंत्रांना ते जोडायचे दोन मार्ग, एक तर पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे ११ च्या अमुक पोर्टवर आलेलं १९२.१६८.१.५० ला द्या, नाहीतर वन-टू-वन नॅट, म्हणजे ११ आख्खाच्या आख्खा त्या यंत्राला. नवीन माणसाला मी पोर्ट फॉरवर्डच सांगेन, वन-टू-वन केलं आणि फायरवॉल ढिली राहिली तर यंत्राची सगळी दारं उघडी. कॅमेऱ्यासाठी हिकव्हिजनचा पोर्ट मुळात ८००० असतो, दाहुआचा ३७७७७, तेवढाच उघडायचा. आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ कुठल्याही परिस्थितीत उघडा टाकू नका, व्हीपीएन करा. यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

गंमत बाहेर जाताना होते. सर्व्हर ११ वरून नीट उघडतो, पण तो स्वतः बाहेर जातो तेव्हा १० चा शिक्का घेऊन जातो, कारण राउटरमध्ये "जे काही बाहेर जाईल ते मुख्य पत्त्यानं" असा एक सरसकट मास्करेडचा नियम आधीपासून असतो. ब्राउझिंगला काही फरक पडत नाही. पण बँकेच्या एपीआयला (बँकेच्या सिस्टिमशी थेट जोडणी) तुम्ही ११ नोंदवला असेल तर बँक म्हणते तुम्ही कोण. मेल सर्व्हर असेल तर एसपीएफमध्ये (तुमचा मेल कुठल्या पत्त्यांवरून येईल याची यादी) ११ लिहिलाय आणि मेल १० वरून जातोय, समोरचा स्पॅममध्ये टाकतो. त्या सर्व्हरवर बसून "माझा आयपी काय" बघा, उत्तर १० आलं तर एक सोर्स नॅटचा नियम लिहायचा, १९२.१६८.१.५० वरून निघालेलं ११ चा पत्ता घेऊन जाईल, आणि हा नियम त्या सरसकट नियमाच्या वर ठेवायचा. वर म्हणजे खरंच यादीत वर, नियम वरून खाली वाचले जातात, खाली टाकलात तर त्याच्यापर्यंत पाळी येतच नाही. मेलसाठी रिव्हर्स डीएनएसही (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लागतो, तो तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये होत नाही, आयपी ज्या कंपनीचा तीच करून देते, लेखी मागा.

फायरवॉलच्या नियमात कुठला पत्ता लिहायचा यावरही लोक अडकतात. मायक्रोटिक आणि पीएफसेन्स दोन्हीकडे आधी नॅट होतं आणि मग फायरवॉल बघितली जाते, म्हणजे नियमात पब्लिक ११ लिहून उपयोग नाही, आतला १९२.१६८.१.५० लिहायचा.

आणि ११ उघडल्यावर चक्क तुमच्या राउटरचंच लॉगिन पेज आलं तर दचकू नका. राउटरनं ११ ला "मी" म्हटलं आणि पोर्ट ८० किंवा ४४३ वर स्वतःचंच पान दाखवलं. याचा अर्थ पत्ता पोचलाय, फॉरवर्डचा नियम लागलेला नाही. पण ते पान बाहेरून दिसतंय ही वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट आहे, वॅनवरून मॅनेजमेंट आधी बंद करा, बाकीचं नंतर.

टेस्ट कुठून करताय?

ऑफिसच्याच वायफायवर बसून ११ उघडून बघायचा आणि "चालत नाही" म्हणायचं, हे माझ्याकडे येणाऱ्या फोनमध्ये नेहमीचं. आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन परत आत यायला राउटरला हेअरपिन नॅट लागतं, ते नसेल तर आतून कधीच उघडणार नाही, बाहेरून मात्र व्यवस्थित चालत असेल. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा.

पिंगवर विसंबू नका, राउटर पिंगला उत्तर देत नसेल तरी पोर्ट चालू असू शकतो, आणि पिंगला राउटरच उत्तर देत असेल तर सर्व्हर बंद असला तरी पिंग येतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन म्हणून कमांड आहे, तिला पत्ता आणि पोर्ट द्या. ती जोडणी झाली का नाही एवढंच सांगते, कारणही दाखवणारी कमांड वापरलीत आणि तिच्यात "रिफ्यूज्ड" आलं तर तिथं कुणीतरी आहे आणि तो नाही म्हणतोय, म्हणजे बहुतेक सर्व्हिस चालू नाही. "टाइमआउट" आलं तर वाटेत कुणीतरी गिळतंय.

गिळतंय कोण? राउटरवर पॅकेट कॅप्चर चालू करा, मायक्रोटिकला टॉर्च किंवा स्निफर, पीएफसेन्सला पॅकेट कॅप्चर, वॅनवर, फिल्टरमध्ये ११. मग मोबाइलवरून उघडायचा प्रयत्न करा. काहीच दिसलं नाही तर पॅकेट तुमच्यापर्यंत आलेलंच नाही, वरचा एआरपीचा आणि कंपनीचा भाग परत वाचा. "११ कोण आहे" अशा हाका सारख्या दिसतायत आणि उत्तर नाही, तर राउटरवर तो पत्ता ॲड करायचा राहिलाय. पॅकेट आलंय, तर आता कॅप्चर लॅनच्या बाजूला लावा. लॅनवर ते बाहेर पडत नसेल तर नॅट किंवा फायरवॉल. सर्व्हरकडे जातंय पण परत येत नाही, तर सर्व्हरचं बघा, विंडोज फायरवॉल असेल किंवा सर्व्हरला गेटवेच चुकीचा दिला असेल. डीव्हीआरमध्ये गेटवे न भरणारे टेक्निशियन खूप, आतल्या आत कॅमेरे दिसले की त्यांचं काम झालं.

दोन लाइन असतील तर

एक फायबर, एक दुसऱ्या कंपनीची बॅकअप, लोड बॅलन्स चालू. बाहेरून ११ कधी उघडतो, कधी नाही, दिवसातून चार वेळा मूड बदलतो. पॅकेट पहिल्या लाइनीनं आत येतं, उत्तर दुसऱ्या लाइनीनं जातं, समोरचा म्हणतो मी बोललो कुणाशी आणि उत्तर देतोय कोण, टाकून देतो. ज्या यंत्रांना स्टॅटिक आयपी दिलाय त्यांना पॉलिसी राउटनं त्याच कंपनीच्या लाइनीवर बांधून टाका. खात्री करायची असेल तर दुसऱ्या लाइनीची केबल पाच मिनिटं काढून ठेवा, सगळं सुरळीत झालं की चोर सापडला. पहिली लाइन पडली तर तिचे आयपी दुसऱ्या लाइनीवर येत नाहीत हेही मालकांना आधीच सांगून ठेवा.

मधूनमधून बंद पडण्याचं दुसरं कारण म्हणजे एकच पत्ता दोघांना. कॅमेरेवाल्यानं डीव्हीआरला १९२.१६८.१.५० दिला आणि तुमच्या डीएचसीपीनं (आपोआप पत्ते वाटणारी राउटरची सोय) तोच कुणाच्या तरी प्रिंटरला. कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी, स्पेस, डॅश, ए मारून त्या पत्त्यासमोरचा मॅक बघा, थोड्या वेळानं परत बघा, बदलला असेल तर दोघं भांडतायत. सर्व्हरचे पत्ते डीएचसीपीच्या रेंजबाहेर ठेवा.

आणि पीपीपीओईवर असाल, लॉगिन पेज उघडतं पण पुढं मोठं काही लोड होत नाही, असं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघा. साधा १५०० असतो, पीपीपीओईवर १४९२. विंडोजमधून पिंगला डॅश एफ, डॅश एल १४६४ लावून मारा, १४६४ जातं आणि १४६५ जात नाही तर १४९२ बरोबर आहे. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पचा पर्याय चालू ठेवला की सहसा हा त्रास होत नाही.

कंपनीला फोन करायचाच झाला तर

"नेट चालत नाही" म्हणायचं नाही, कारण नेट चालतंय, ते त्यांच्या स्क्रीनवर हिरवं दिसतं आणि तुम्हाला राउटर बंद करून चालू करायला सांगतात. असं म्हणा: "माझ्या ब्लॉकमधला १० चालतो, १२ आणि १३ चालत नाहीत, लॅपटॉप थेट ओएनटीला लावून बघितलंय, माझ्या वॅनवर या दोन पत्त्यांचं एकही पॅकेट येत नाही, तुमच्याकडे हे दोन्ही माझ्या सर्किटवर राउट आहेत का आणि एआरपीत कुठला मॅक दिसतोय ते नेटवर्क टीमकडून बघून सांगा." पहिला माणूस गोंधळेल, मग तिकीट वर पाठवेल, तेच तर पाहिजे. तिकीट नंबर घ्या. इंजिनिअरचा फोन येईल तेव्हा राउटरसमोर बसलेले असा, मॅक पत्ता हाताशी ठेवा, कॅप्चर चालू ठेवा, आणि "आता बघा साहेब" म्हणाले की फोन न ठेवता दुसऱ्या मोबाइलच्या डेटावरून १२ आणि १३ दोन्ही उघडून बघा, कारण एकदा त्यांनी तिकीट बंद केलं की परत पहिल्या माणसापासून सुरुवात.